स्कोर ७, ऑक्सिजन ८६

एप्रिल २०२१ मध्ये सोलापुरात कुणालाही फोन लावला की "तब्येत कशी आहे?" हा प्रश्न मागे पडलेला असायचा. पहिला प्रश्न एकच, "स्कोर किती आला?" म्हणजे एचआरसीटीचा स्कोर, २५ पैकी. ४ आला की घरात चहा व्हायचा, १५ आला की रेमडेसिविरसाठी धावाधाव सुरू व्हायची. ज्यांनी आयुष्यात कधी फुप्फुसाचा साधा एक्स-रेसुद्धा काढला नव्हता, ती माणसं कोपऱ्यावर उभी राहून एकमेकांच्या स्कोरची तुलना करायची.

माझी आत्या विडी घरकुलात राहते. तीस वर्षं तिनं विड्या वळल्या. तिला ताप येऊन सातवा दिवस होता तेव्हा आम्ही तिचा एचआरसीटी काढला. रात्री अकरा वाजता नंबर लागला. रिपोर्टवर लिहिलं होतं, स्कोर ७, सौम्य. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "सातच हाय की! मग कशाला घाबरायचं?" आम्हालाही तेच ऐकायचं होतं.

पण ऑक्सिमीटर वेगळंच सांगत होता. बसून ९१, मोरीपर्यंत जाऊन आली की ८६. आम्ही काय केलं? ऑक्सिमीटरचे सेल बदलले. तिचं बोट चोळून गरम केलं. माझ्या बोटाला लावून पाहिला, ९८ आला. तरी आम्ही म्हणालो, तीस वर्षं विड्या वळून हिची बोटं घट्टी पडलेली आहेत, म्हणून यंत्राला नीट कळत नसेल. आत्या स्वतः फोनवर बोलत होती, वडिलांना "अक्काला काही झालेलं नाही रे" म्हणून तीच धीर देत होती. आम्ही दोन दिवस घालवले.

पुढे तिला दाखल केलं. डॉक्टरांनी शिरेतून औषध सोडून दुसरा सीटी काढला, तेव्हा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी दिसली. अकरा दिवस ऑक्सिजन, मग तीन महिने रक्त पातळ करण्याच्या गोळ्या. आत्या वाचली. पण एक गोष्ट मला आजही खुपते. आमच्यासमोर दोन आकडे होते. त्यातल्या खऱ्या आकड्यावर आम्ही शंका घेतली आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर असलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला. आणि त्या घरात सीटीच्या प्रतिमांवर पीएचडी करणारी एक मुलगी होती. मी.

म्हणून आजची पोस्ट ही त्या स्कोरची समीक्षा आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हा वैद्यकीय सल्ला समजू नका. प्रतिमा मोजणाऱ्या माणसानं केलेली, मोजमापाची तपासणी एवढंच हिचं स्वरूप आहे.

स्कोर नेमका काय मोजतो?

आपल्या उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात आणि डाव्याचे दोन. एकूण पाच. प्रत्येक भागाचा किती हिस्सा खराब दिसतो, हे रेडिओलॉजिस्ट डोळ्यानं ठरवतात. ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर १ गुण, ५ ते २५ टक्के असेल तर २, २६ ते ४९ ला ३, ५० ते ७५ ला ४, आणि ७५ च्या वर ५. पाच भागांची बेरीज केली की २५ पैकी स्कोर.

यातल्या तीन अडचणी कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही दिसतील.

पहिली, पाचही भागांत ६ टक्के खराबी असलेल्या माणसाचा स्कोर १०. पाचही भागांत २४ टक्के खराबी असलेल्याचाही १०. चौपट फरक, स्कोर तोच.

दुसरी, उजवीकडचा मधला भाग पाचांत सगळ्यात लहान आणि खालचे भाग मोठे. पण गुण सगळ्यांना सारखेच. शाळेत चित्रकलेला आणि गणिताला सारखे गुण देऊन टक्केवारी काढावी, तसं.

तिसरी, जुनी खराबी आणि नवी खराबी यांतला फरक गुणांमध्ये उमटत नाही. आमच्या गावात हा मुद्दा छोटा नाही. इथं पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी तंबाखूच्या धुरळ्यात बसून विड्या वळल्या आहेत, माणसांनी यंत्रमागावर सुताचा धुरळा छातीत घेतला आहे. त्यांची फुप्फुसं कोविडच्या आधी कशी होती, याचा फोटो बहुतेकांकडे नसतोच.

पण यापेक्षा मोठी गोष्ट मला उशिरा कळली. हा २५ गुणांचा स्कोर कोविडसाठी ज्या पेपरांमधून जगभर गेला, त्यातला एक ठळक पेपर २०२० च्या सुरुवातीला 'रेडिऑलॉजी' या नियतकालिकात आला होता. वुहानच्या डॉक्टरांचा. गुण देण्याची ही रीत मुळात आधीच्या सार्सच्या साथीतली. त्यांनी २१ रुग्णांचे मिळून ८२ सीटी पाहिले. त्यांचा प्रश्न साधा होता, बऱ्या होणाऱ्या माणसाच्या फुप्फुसातले डाग दिवसागणिक कसे वाढतात आणि कसे ओसरतात? उत्तरही छान मिळालं. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण दहाव्या दिवशी डाग सर्वांत जास्त असतात. आता त्यांनी कोणते रुग्ण घेतले ते बघा. ज्यांना श्वासाचा गंभीर त्रास झाला किंवा आजारपणात कधीही ऑक्सिजन लागला, अशांना त्यांनी अभ्यासातून वगळलं होतं.

दोनदा वाचा हे वाक्य. मी तीनदा वाचलं होतं. ज्या अभ्यासात ऑक्सिजन लागलेला एकही माणूस नव्हता, त्यातला स्कोर वापरून आम्ही घरोघरी ठरवत होतो की कुणाला ऑक्सिजन लागेल. चूक वुहानच्या डॉक्टरांची नाही. त्यांनी वगळलेल्यांची अट स्पष्ट लिहिली होती. पेपर आमच्यापर्यंत पोचेपर्यंत अट गळून पडली आणि आकडा तेवढा उरला.

पुढे इतरांनी हजारो रुग्णांवर हा स्कोर वापरून पाहिला, आणि सरासरीनं बघितलं तर जास्त स्कोरवाल्यांची तब्येत जास्त बिघडते, हे खरंच आहे. पण सरासरी म्हणजे गर्दीचं वर्णन. आत्या गर्दी नव्हती.

रक्तातला ऑक्सिजन कमी का होतो? एसटी स्टँडवर उभं राहून समजून घेऊ

सोलापूरचा एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा. प्रवासी म्हणजे श्वासातून आलेला ऑक्सिजन, बस म्हणजे रक्त. फलाट म्हणजे फुप्फुसातले वायुकोश, अशी कोट्यवधी फलाटं. माणूस घरी पोचायचा तर फलाटावर प्रवासीही हवा आणि बसही हवी. एकाच वेळी, एकाच फलाटावर.

बिघाड तीन तऱ्हेनं होऊ शकतो. एक, फलाट तुंबलेला आहे, तिथं प्रवासी पोचूच शकत नाहीत, पण बस मात्र तिथंच येते आणि रिकामी निघून जाते. याला शंट म्हणतात. दोन, फलाटावर प्रवासी खोळंबलेत आणि बस येतच नाही, कारण वाटेत रस्ता बंद आहे. रक्तवाहिनीतली गुठळी म्हणजे हेच. त्या बंद रस्त्यावरच्या बसगाड्या मग दुसऱ्या फलाटांवर गर्दी करतात आणि तिथून अर्ध्या रिकाम्या निघतात. तीन, सगळीकडे थोडे प्रवासी, थोड्या बस, पण मेळ बसत नाही. यांखेरीज आणखीही कारणं असतात. उंच डोंगरावर हवेतच ऑक्सिजनचा दाब कमी असतो, गुंगीत श्वासच मंद होतो, किंवा वायुकोशाची भिंत जाड होते. पण कोविडमध्ये मुख्य भांडण या पहिल्या तिघांचं.

आता एचआरसीटी काय करतो? तो स्टँडचा वरून काढलेला अतिशय स्पष्ट फोटो आहे. कोणता फलाट तुंबलाय, कुठं फरशी उखडलीय, सगळं दिसतं. बस कुठल्या फलाटावर येतेय, ते त्यात नाही. बसचं वेळापत्रक फलाटाच्या फोटोत सापडत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं एचआरसीटीचे दर बांधून दिले. १६ स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या मशीनला २००० रुपये, १६ ते ६४ स्लाइसला २५००, त्यावरच्याला ३०००. लुबाडणूक थांबवायला हा निर्णय गरजेचाच होता. पण लोकांनी त्यातून एक भलताच अर्थ काढला, की जास्त स्लाइसचं मशीन म्हणजे जास्त खरं उत्तर. हजार रुपये जास्त देऊन फरशीची चीर आणखी स्पष्ट दिसेल. बस तरीही दिसणार नाही.

एक छोटा हिशेब

फुप्फुसातून जाणाऱ्या रक्ताचे १०० थेंब घ्या. चांगल्या भागातून गेलेला थेंब साधारण ९८ टक्के भरून निघतो. तुंबलेल्या भागातून गेलेला थेंब जसा आला तसाच परत जातो, म्हणजे साधारण ७५ टक्के. शेवटी सगळे थेंब एकत्र मिसळतात. हिशेब ढोबळ आहे, पण मुद्दा कळायला पुरेसा आहे.

समजा, पाचही भागांत २० टक्के फुप्फुस तुंबलंय. स्कोर झाला १०.

पहिला माणूस. त्याच्या शरीरानं तुंबलेल्या भागाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेतल्या. तिकडे फक्त ५ थेंब गेले, बाकीचे ९५ चांगल्या भागातून. ऑक्सिमीटरवर साधारण ९७. माणूस ठणठणीत.

दुसरा माणूस. रक्तवाहिन्या आवळल्या नाहीत. तुंबलेल्या भागातून २० थेंब गेले. ऑक्सिमीटरवर ९३.

तिसरा माणूस. सूज आल्यामुळे तुंबलेल्या भागातल्या रक्तवाहिन्या उलट फुगल्या. तिकडे ५० थेंब गेले. ऑक्सिमीटरवर ८६.

तिघांचा एचआरसीटी जवळपास सारखा. तिघांचा स्कोर १०. एक घरी, एक वॉर्डात, एक आयसीयूच्या दारात.

पहिल्या माणसात जे झालं, तो शरीराचा जुना शहाणपणा आहे. जिथं हवा नाही तिथं रक्त पाठवायचं नाही. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिलयेस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून ही गोष्ट दाखवली होती. कोविडमध्ये हा शहाणपणा बिघडतोय की काय, अशी शंका इटलीच्या लुचियानो गॅटिनोनी यांनी २०२० च्या मार्चमध्येच मांडली. त्यांच्या काही रुग्णांचं फुप्फुस बऱ्यापैकी लवचिक होतं, हवा आत जात होती, आणि तरी निम्मं रक्त ऑक्सिजन न घेताच परत येत होतं.

आणि आत्या फोनवर मजेत कशी बोलत होती? धाप लागण्याची जाणीव मोठ्या प्रमाणात रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर अवलंबून असते. उरलेलं चांगलं फुप्फुस तो वायू बाहेर टाकत राहतं, म्हणून मेंदूला धोक्याची घंटा ऐकूच येत नाही. बोलण्यावरून ऑक्सिजन ओळखता येत नाही तो यामुळे.

भांडण रेडिएशनवर अडकलं

३ मे २०२१ रोजी एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले की सौम्य लक्षणांत सीटी काढू नका, एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० छातीचे एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेनं लगेच उत्तर दिलं, हा आकडा कालबाह्य आहे, आताच्या कमी मात्रेच्या सीटीत ५ ते १० एक्स-रे इतकंच रेडिएशन असतं. दोन दिवस टीव्हीवर हेच चाललं. खरं तर दोन्ही आकडे तुम्ही कोणता सीटी आणि कोणता एक्स-रे धरता यावर हलतात.

माझी तक्रार वेगळी आहे. गुलेरिया त्याच वेळी हेही म्हणाले होते की लक्षणं नसलेल्या अनेकांच्या सीटीतही डाग दिसतात आणि ते औषधाविना जातात, ऑक्सिजन चांगला असेल तर सीटीची गरज नाही. बोलण्याचा गाभा तो होता. तो बाजूला राहिला आणि ३०० की ५ यावर वाद रंगला. सीटी धोकादायक आहे का, हे सगळ्यांनी विचारलं. सीटी कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो, हे क्वचित कुणी विचारलं.

याची किंमत औषधांत मोजावी लागते. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड कुणाला उपयोगी पडतं ते २०२० मध्ये स्पष्ट झालं होतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आलं. नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३ वर. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. तिथं औषध घेणाऱ्यांत १७.८ टक्के, न घेणाऱ्यांत १४ टक्के. रुग्णांची वाटणी कशावरून केली होती बघा. ऑक्सिजन लागतो का, यावरून. फोटोवरून नाही. आमच्या गल्लीत मात्र ९६ ऑक्सिजन असलेल्या माणसाला "स्कोर चौदा आहे" म्हणून पाचव्या दिवशी स्टिरॉइड सुरू झालेलं मी पाहिलंय. त्याच उन्हाळ्यात काळ्या बुरशीचे रुग्ण आले. मधुमेह आणि गरज नसताना किंवा जास्त दिवस दिलेलं स्टिरॉइड ही त्याची ठळक कारणं होती. रिपोर्टवरचा आकडा फुकट नसतो.

मग बस दाखवणारा फोटो कोणता?

असे फोटो आहेत, आणि त्यांचीही तपासणी करू.

सगळ्यांत जवळचा म्हणजे शिरेतून आयोडीनचं औषध सोडून काढलेला सीटी, ज्याला आपल्याकडे 'सीटी अँजिओ' म्हणतात. आत्याची गुठळी यातच दिसली. साध्या एचआरसीटीत औषध सोडलेलंच नसतं, त्यामुळे रक्त आणि गुठळी दोन्ही एकाच करड्या रंगाची दिसतात. म्हणजे पहिल्या रिपोर्टमध्ये गुठळी "नव्हती" असं नाही, तो रिपोर्ट त्या बाबतीत आंधळा होता. अर्थात सरसकट सगळ्यांचा असा सीटी काढा, असं कुणी म्हणू नये. त्या औषधाचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, म्हणून आधी क्रिएटिनिन बघतात.

त्यापुढची पायरी म्हणजे दुहेरी ऊर्जेचा सीटी. दोन वेगवेगळ्या ताकदीचे एक्स-रे वापरून आयोडीन फुप्फुसात कुठं पोचलं त्याचा नकाशा मिळतो. आयोडीन पोचलं म्हणजे रक्त पोचलं. एप्रिल २०२० मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' मध्ये अशा प्रतिमा छापल्या. डागांजवळच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या होत्या, आणि डाग असलेल्या काही जागी रक्त उलट जास्त जात होतं. आपल्या हिशेबातला तिसरा माणूस तो हाच. प्रतिमा बघून मी थक्क झाले होते. पण टीकाकार म्हणून सांगायला हवं की त्यात तीनच रुग्णांच्या प्रतिमा होत्या. तीन प्रतिमा शंका निर्माण करतात, नियम सिद्ध करत नाहीत.

त्याच वर्षी बोस्टन आणि व्हरमाँटच्या संशोधकांनी 'नेचर कम्युनिकेशन्स' मध्ये संगणकावर फुप्फुस उभारून हिशेब केला. नुसते डाग धरून त्यांना एवढा कमी ऑक्सिजन मिळेना. डागांकडे जास्त रक्त, चांगल्या भागात हवा-रक्ताचा बिघडलेला मेळ आणि रक्त न पोचणारे भाग, हे सगळं घातल्यावर जमलं. सुंदर काम. पण गणित "असं होऊ शकतं" एवढंच सांगतं. समोरच्या खाटेवरच्या माणसात तेच झालंय का, हे नाही.

मला सर्वांत आवडलेली तपासणी सगळ्यात स्वस्त आहे. सलाईन दोन सिरिंजमध्ये घुसळून त्याचे बारीक बुडबुडे शिरेत सोडायचे आणि सोनोग्राफीसारख्या यंत्रानं बघत राहायचं. निरोगी फुप्फुसाच्या केशवाहिन्या इतक्या बारीक असतात की बुडबुडे तिथंच अडकतात. पलीकडे दिसले तर समजायचं, मधे कुठंतरी रुंद वाट आहे. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये व्हेंटिलेटरवरच्या १८ कोविड रुग्णांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर लक्ष ठेवून ही तपासणी केली. १५ जणांत बुडबुडे पार झाले. म्हणजे फुगलेल्या वाटेनं रक्त ऑक्सिजन न घेताच निसटत असावं. १८ ही संख्या छोटीच आहे, आणि सगळे आधीच अतिगंभीर होते. पण हृदयाचा इको जिथं होतो तिथं बुडबुड्यांची तपासणी जमण्यासारखी आहे, आणि आमच्या शहरात इको करणारे भरपूर आहेत. कोट्यवधींच्या मशीनशिवायही रक्ताचा प्रश्न विचारता येतो, हे मला त्यातून शिकायला मिळालं.

शेवटी झेनॉन एमआरआय. रुग्णानं खास तयार केलेला झेनॉन वायू ओढून काही सेकंद श्वास रोखायचा. हा वायू रक्तात विरघळला की त्याचा संदेश बदलतो, त्यामुळे हवेतून रक्तात किती गेला ते थेट मोजता येतं. ऑक्सफर्डच्या गटानं २०२१ मध्ये कोविडमधून घरी गेलेल्या ९ जणांना असं तपासलं. सीटी साधारण ठीक, आणि तरीही तीन महिन्यांनंतर वायू रक्तात नीट उतरत नव्हता. "रिपोर्ट नॉर्मल आहे, पण जिना चढवत नाही," असं सांगणाऱ्या माणसाला आपण मनाचे खेळ म्हणून गप्प बसवतो, त्याच्या बाजूनं हा पुरावा उभा राहतो. नऊच माणसांचा असला तरी.

आता माझी पाळी

दुसऱ्यांवर एवढं बोलल्यावर स्वतःकडे बघायला हवं.

कोविडच्या पहिल्या वर्षभरात आमच्या क्षेत्रात पेपरांचा पूर आला. एक्स-रे किंवा सीटी द्या, संगणक रोग ओळखेल. मार्च २०२१ मध्ये 'नेचर मशीन इंटेलिजन्स' मध्ये केंब्रिजच्या गटानं हा पूर चाळून काढला. २२१२ अभ्यास, त्यातून प्राथमिक चाळणीत ४१५, दर्जाच्या चाळणीत उरले ६२. त्यातला दवाखान्यात वापरण्याजोगा एकही निघाला नाही. अनेक पेपरांमध्ये निरोगी म्हणून जे एक्स-रे घेतले होते ते १ ते ५ वर्षांच्या मुलांचे होते आणि कोविडचे मोठ्या माणसांचे. संगणक कोविड ओळखत होता की मूल आणि मोठा माणूस यांतला फरक, कोण सांगणार?

मी या पेपरावर हसले होते. मग माझी स्वतःची एक्सेल फाइल उघडली. माझं मॉडेल सीटी बघून "तीव्रता" सांगतं. तीव्रतेच्या रकान्यात काय भरलं होतं? २५ पैकी स्कोर. म्हणजे संगणकाला मी सीटी बघून सीटीचाच स्कोर सांगायला शिकवत होते, आणि प्रबंधाच्या प्रस्तावात लिहीत होते, "रुग्णाची तीव्रता ओळखणे". माझी अचूकता छान येत होती. येणारच. प्रश्नपत्रिकेतच उत्तर छापलेलं होतं. त्या फाइलमध्ये ऑक्सिजनचा रकानाच नव्हता. आत्याचा सीटी माझ्या मॉडेलला दिला असता, तर त्यानंही ठामपणे "सौम्य" सांगितलं असतं. रेडिओलॉजिस्टपेक्षा जलद, एवढाच फरक.

गेल्या वर्षी मी रकाना बदलला. आता प्रत्येक सीटीसोबत त्याच दिवसाचा ऑक्सिजन, तो बसून होता की चालून, आणि किती लिटर ऑक्सिजन चालू असताना मोजला, हे नसेल तर ती नोंद मी घेत नाही. माझ्याकडचा डेटा तीनशेवरून साठावर आला. अचूकता कोसळली. गाइड म्हणाले, "आता कुठं तुमचा प्रश्न खरा झाला." पेपर मात्र अजून झालेला नाही.

ऑक्सिमीटरलाही देव मानू नका. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये शोधलेली ही युक्ती प्रकाश शोषण्यावर चालते, आणि त्वचेच्या रंगानं ती चकते. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आणि गोऱ्यांत ३.६ टक्के होतं. म्हणजे सावळ्या बोटावर यंत्र चुकलं, तर खरा ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवण्याची भीती अधिक. आम्ही घरी नेमकं उलटं गृहीत धरलं होतं.

स्कोर टाकून द्या, असं मी म्हणत नाही. आरटीपीसीआरचा रिपोर्ट यायला तीन-तीन दिवस लागत होते तेव्हा सीटीनं अनेकांना वेळेवर दाखल केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. रात्री दोन वाजेपर्यंत बसून शंभरावा सीटी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टनं फरशीचा फोटो प्रामाणिकपणे वाचला. आम्ही त्यातून बसचं वेळापत्रक काढलं. पुढच्या वेळी हातात रिपोर्ट आला की डॉक्टरांना एवढं विचारा, "या फोटोत जेवढे डाग आहेत, तेवढ्यानं एवढा ऑक्सिजन कमी होईल का?" उत्तर "नाही" आलं, तर कारण अजून सापडलेलं नाही. शोध तिथून सुरू होतो.

आत्यानं तो पहिला रिपोर्ट अजून जपून ठेवलाय, रेशनकार्डाच्या पिशवीत. दिवाळीत गेले तेव्हा काढून दाखवला. म्हणाली, "माझा सातच होता की गं. पलीकडच्या मामांचा सतरा, ते घरीच बरे झाले. मग मीच कशी काय इतकी पडले?" मी तिला एसटी स्टँडची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे त्या रात्री मशीन खरं बोलत होतं." हो म्हणाले.